जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे: मार्लिन ३३६, विंचेस्टर ९४ की सॅव्हेज ९९?

हेमलॉक:

नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर हंटर-एज्युकेशनचा कोर्स केला आणि यंदाचा परवानाही काढला. रायफल सीझनमध्ये एका सहकाऱ्याबरोबर व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जायचं ठरलंय. जंगल दाट आहे, हेमलॉकची झाडं आणि खाली लॉरेलची झुडपं. सहकारी म्हणतो की तिथे शंभर यार्डांपलीकडचं हरीण दिसतच नाही.

रेंजवर त्याची लिव्हर-अ‍ॅक्शन (चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस भरायची रायफल) चालवून पाहिली आणि मला हीच हवी हे ठरलं. पातळ, सुटसुटीत, एका हातात मध्यावर धरून चालता येते. नवी घेण्याइतकं बजेट नाही, म्हणून वापरलेली बघतोय. तीन समोर आल्या आहेत.

१. मार्लिन ३३६, कॅलिबर .३०-३०. नळीवर ‘जेएम’ शिक्का, नंबर २१ ने सुरू होतो. ६२५ डॉलर.
२. विंचेस्टर ९४, तीही .३०-३०. विक्रेता म्हणतो १९६४ नंतरची आहे, पण ‘खरी विंचेस्टर’ आहे. ७०० डॉलर.
३. सॅव्हेज ९९, .३०० सॅव्हेज. दिसायला तिघींत देखणी. ९०० डॉलर.

वय ४६. लांबचं स्वच्छ दिसतं, पण मागची साइट आता धुरकट दिसायला लागली आहे. दुकानात गेल्यावर नेमकं काय तपासायचं, तेही सांगा. नळीत डोकावून ‘चांगली आहे’ म्हणणं सोपं आहे, पण मी काय बघतोय हे मला कळायला हवं.

---

अक्रोडदस्ता:

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शेवटच्या परिच्छेदातच आहे. मागची साइट धुरकट दिसते म्हणजे आज ना उद्या स्कोप किंवा पीप साइट (लहान भोकातून नेम धरायची) लागणार. त्यामुळे १९६४ नंतरची ती विंचेस्टर तुमच्यासाठी मागे पडते. रायफल वाईट नाही, पण तिची काडतुसाची रिकामी पुंगळी सरळ वर उडते. रिसीव्हरच्या (यंत्रणा असलेल्या लोखंडी पेटीच्या) डोक्यावर मधोमध स्कोप बसवला की पुंगळीला जायला वाट राहत नाही. विंचेस्टरने हे १९८०च्या दशकात ‘अँगल इजेक्ट’ आणून सुधारलं. १९७०च्या दशकातली असेल तर ती सोय नाही. मार्लिन ३३६ चा माथा बंद आहे, पुंगळी उजवीकडून बाहेर पडते आणि वर स्कोपच्या बेससाठी कारखान्यातूनच भोकं पाडून आटे केलेले असतात.

‘खरी विंचेस्टर’ हे शब्द ऐकून पैसे वाढवू नका. ९४ ची आखणी जॉन ब्राउनिंगची, आणि तिच्यासाठी १८९५ मध्ये आलेलं .३०-३० हे आजही अमेरिकेच्या जंगलात सर्वांत ओळखीचं काडतूस आहे. लोक ज्यांच्यामागे धावतात त्या १९६४ पूर्वीच्या. त्या वर्षी कंपनीने खर्च कमी करायला बनावट बदलली: काडतूस वर उचलणारा भाग पत्र्यातून दाबून काढलेला, भरीव पिनांच्या जागी पोकळ रोल पिना, आणि रिसीव्हरचा धातू असा की जुन्या पद्धतीचं ब्लूइंग (लोखंडावरचा काळा-निळा थर) त्यावर धड चढत नाही. म्हणून त्या काळातल्या पुष्कळ रायफलींचा रिसीव्हर जांभळट किंवा डागाळलेला दिसतो. नंबर २७,००,००० च्या पुढचा असेल तर ती १९६४ किंवा नंतरची, एवढं दुकानातच पाहता येतं. अशा रायफलीही हरीण पाडतात, वर्षानुवर्षं पाडत आल्या आहेत. पण तिची किंमत कामापुरती असावी, नावापुरती नव्हे.

आता मार्लिन. ‘जेएम’ म्हणजे जॉन मार्लिन. नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरच्या जरा पुढे लंबगोलात ही अक्षरं असतात. रेमिंग्टनने २००७ मध्ये मार्लिन विकत घेतली आणि पुढे उत्पादन कनेक्टिकटमधून न्यूयॉर्कमधल्या इलियनला नेलं. तिथल्या सुरुवातीच्या रायफलींबद्दल तिरप्या साइट्स आणि लाकूड-लोखंडाच्या सैल जोडणीच्या तक्रारी खूप झाल्या. त्यांच्या नळीवर ‘आरईपी’ असतं आणि नंबर ‘एमआर’ ने सुरू होतो. २०२० मध्ये रुगरने मार्लिन घेतली, त्या रायफली चांगल्या आहेत, पण तुमच्या बजेटमध्ये बसणार नाहीत. तुमचा नंबर २१ ने सुरू होतो. १९७३ नंतरच्या मार्लिनमध्ये पहिले दोन आकडे शंभरातून वजा करायचे. १०० वजा २१ म्हणजे ७९. तुमची रायफल १९७९ सालची, जुन्या कारखान्यातली, आणि आडव्या बटणाची सेफ्टी येण्याआधीची. म्हणजे हाताने लावायची सुरक्षा एकच, घोडा अर्ध्यावर ओढून अडकवणं (अर्धी चढण), त्यावर पुढे बोलतो.

माझं मत स्पष्ट आहे: मार्लिन घ्या. पण ती विशिष्ट रायफल निरोगी निघाली तरच. वर्ष आणि शिक्का बघून घेतलेल्या रायफलीपेक्षा तपासून घेतलेली रायफल बरी. मी एका गनस्मिथच्या दुकानात शनिवार-रविवार मदत करतो, तिथे समोर येतं त्यावरून क्रमाने सांगतो.

दुकानदाराने रायफल हातात दिली की त्याने रिकामी आहे म्हटलं असलं तरी लिव्हर पूर्ण खाली करून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) बघा, बोट घालून चाचपा. मग नळीखालच्या नळकांड्यात फॉलोअर (काडतुसं ढकलणारा तुकडा) दिसतो का बघा. लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळकांड्यात दडलेली असतात, चेंबर मोकळं दिसलं म्हणून रायफल मोकळी ठरत नाही.

मग नळीचं तोंड. जुन्या लिव्हर रायफलीत सर्वांत मोठं दुखणं इथे असतं. विंचेस्टर ९४ सारख्या रायफलीत मागून सळई जात नाही, त्यामुळे लोक आयुष्यभर तोंडाकडून सळई घालून साफ करतात. सळई घासून घासून तोंडाच्या कडेचे आटे (नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) झिजतात, आणि गोळी नळीतून सुटते तो शेवटचा क्षण बिघडतो. बाकी नळी आरशासारखी असली तरी नेम पसरतो. भिंग घेऊन बघा: आटे अगदी कडेपर्यंत टोकदार दिसले पाहिजेत, गोलाकार कडा सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला खोलगट झिजलेली असेल तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. गनस्मिथ तोंड नव्याने कापून देतो, काम मोठं नाही, पण त्याचा खर्च हिशोबात धरा.

३३६ इथेही बरी पडते. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर सुटते, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागे सरकून बाहेर येतो, आणि नळी मागून साफ करता येते. म्हणूनच त्या स्क्रूचं डोकं बघा. खाच स्वच्छ असेल तर आधीच्या मालकाने योग्य पेचकस वापरला. खाच फाटलेली असेल तर रायफलीच्या आत कोणी काय उद्योग केले असतील, याचा संशय ठेवून पुढचं तपासा.

नळीच्या आत बघताना मागे पांढरा कागद धरा आणि लहान टॉर्च मारा. त्याआधी एक कोरडी चिंधी फिरवून घ्यायला सांगा. तेलाने भरलेल्या नळीत गंजाचे खड्डे लपतात. चिंधी हिरवट निघाली तर तांब्याचा थर, तो निघतो. तपकिरी आणि खरखरीत निघाली तर गंज. आणखी एक: १९५६ पासून मार्लिनने ३३६ मध्ये ‘मायक्रो-ग्रूव्ह’ नावाचे बारीक, उथळ आटे वापरले. ते पाहून नळी झिजली असं समजू नका, तशीच असते ती.

आता घोडा. विचारून, रायफल रिकामी आहे हे पुन्हा पाहून, घोडा पूर्ण मागे ओढा. चापाला हात न लावता अंगठ्याने घोडा पुढे ढकला, बऱ्यापैकी जोर लावून. तो सुटला तर रायफल तिथेच परत द्या, किंमत विचारू नका. मग अर्ध्या चढणीवर ठेवा आणि चाप ओढा. घोडा हलता कामा नये. तुमच्या रायफलीत हाताने लावायची हीच एक सुरक्षा आहे, म्हणून ही तपासणी माझ्या लेखी बाकी सगळ्यांपेक्षा मोठी.

लिव्हर सावकाश चालवा, मग झपाट्याने. सावकाश चालवताना अडखळ कुठे येते ते हाताला कळतं. शक्य असेल तर डमी (दारू नसलेली) काडतुसं घेऊन जा आणि भरून-काढून बघा. ३३६ मध्ये एक ठरलेलं दुखणं आहे, ‘मार्लिन जॅम’ म्हणतात. लिव्हरचं पुढचं टोक कॅरियरच्या (काडतूस वर उचलणाऱ्या भागाच्या) खालच्या बाजूला घासून त्यात खाच पाडतं. मग कॅरियर पुरेसा वर राहत नाही, नळकांड्यातलं पुढचं काडतूस त्याच्या खाली सरकतं आणि सगळं अडकतं. मार्लिनच्याच १८९४ मॉडेलमध्ये हे जास्त होतं, ३३६ मध्येही होतं. लिव्हर उघडून कॅरियरच्या बुडाकडे टॉर्च मारा. चकाकणारी घासल्याची रेघ चालते. नखाला लागणारी खाच असेल तर दुरुस्ती आहे असं समजा.

लाकडात दोन जागा बघा: दस्त्याचं लाकूड जिथे रिसीव्हरच्या मागच्या लोखंडी शेपटीला भिडतं तिथे बारीक भेगा, आणि हाताजवळच्या पुढच्या लाकडाची टोकं. रिसीव्हरच्या कडा गोल झालेल्या, अक्षरं पुसट आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट दिसल्या तर नंतर घासून पुन्हा ब्लूइंग केलंय. शिकाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण मूळ रंगाच्या भावाने विकत असतील तर देऊ नका. तसंच रिसीव्हरवर जादा भोकं असतील तर संग्राहक नाक मुरडतात आणि भाव उतरतो. तो उतरलेला भाव तुमच्यासाठी संधी आहे.

एक शेवटचं. या रायफली दुसऱ्या नावांनीही विकल्या गेल्या. ग्लेनफील्ड ३० म्हणजे साध्या लाकडातली ३३६ च. वेस्टर्न ऑटोच्या दुकानांतली रिव्हेलेशन २०० म्हणजेही तीच. सीअर्सची ‘टेड विल्यम्स’ १०० ही आतून विंचेस्टर ९४. नाव अनोळखी म्हणून दोनशे डॉलरने स्वस्त पडलेली दिसली तर आधी तीच उचलून बघा.

---

पानगळ:

अक्रोडदस्ता दादांनी सॅव्हेजला एक ओळही दिली नाही, म्हणून मी लिहिते. माझ्याकडे ९९ आहे आणि तिच्याइतकी विचार करून बनवलेली रायफल माझ्या हातात दुसरी आली नाही. १८९९ ची आखणी, तरी बाहेर घोडाच नाही. रिसीव्हरच्या आत गोल फिरणारं मॅगझिन, काडतुसं एकामागे एक न राहता चक्रात बसतात. त्यामुळे टोकदार गोळ्या चालतात. नळकांड्याच्या रायफलीत टोकदार गोळी चालत नाही, कारण तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकतं आणि धक्क्याने तिथेच बार होऊ शकतो. हेमलॉक, हे कधीही विसरू नका: मार्लिन घेतलीत तर चपट्या किंवा गोल नाकाचीच काडतुसं, नाहीतर हॉर्नाडीची मऊ रबरी टोकाची, जी नळकांड्यासाठीच बनवली आहेत.

पण तुमच्यासाठी ९९ घ्या असं मी म्हणणार नाही. .३०० सॅव्हेजचं १५० ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) काडतूस सेकंदाला सुमारे २,६३० फुटांनी निघतं, .३०-३० चं सुमारे २,३९० फुटांनी. शंभर यार्डांच्या आत हरणाला हा फरक कळत नाही. काडतुसं मात्र शोधावी लागतात, आणि सीझनच्या तोंडावर मिळतीलच असं नाही. पहिल्या वर्षी रेंजवर भरपूर सराव हवा, त्याला कुठल्याही दुकानात मिळणारं काडतूस लागतं.

तरीही मोह झालाच तर लोखंडी शेपटीमागे दस्त्याला भेग आहे का बघा. दस्ता धरून ठेवणारा लांब बोल्ट सैल पडला की ९९ चं लाकूड तिथेच फुटतं. आणि सगळ्या ९९ मध्ये फिरतं मॅगझिन नसतं. नंतरच्या काहींत साधं काढता येणारं मॅगझिन आहे.

---

खिंडीपलीकडे:

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही. दुकानातून घेणार असाल तर फॉर्म ४४७३ हा केंद्रीय खरेदी-फॉर्म भरावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना रायफल घेता येते. फॉर्मवर तुमचा एलियन नंबर (ग्रीन कार्डवरचा) लिहायचा आणि सध्याच्या पत्त्याचं सरकारी फोटो-ओळखपत्र दाखवायचं. पेनसिल्व्हेनियात पार्श्वभूमीची तपासणी स्टेट पोलिसांच्या ‘पिक्स’ यंत्रणेतून होते. फॉर्मवर एक अक्षरही अंदाजाने लिहू नका. आणि रायफल दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घेत असाल तर व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच, त्याला पर्याय नाही.

हा धागा वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांसाठी: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक घेणं आणि बाळगणं सर्वसाधारणपणे बंद आहे. अमेरिकेत मिळालेला वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद. पण मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाशी बोला. यात चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो.

राज्य बदललं की काडतूसही बदलतं. ओहायोत हरणासाठी रायफल चालते ती सरळ पुंगळीच्या काडतुसांची. .३०-३० ची पुंगळी मानेशी निमुळती, म्हणून ती तिथे चालत नाही. .४४ मॅग्नम किंवा .४५-७० ची लिव्हर चालते. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, तांब्याच्या शोधाव्या लागतात. तुमच्याकडे हा त्रास नाही. पेनसिल्व्हेनियात सेमी-ऑटो रायफलने (जी पुढचं काडतूस आपोआप भरते) हरीण मारता येत नाही, त्यामुळे लिव्हर-अ‍ॅक्शन तिथे घराघरात आहे आणि जुन्या रायफलींचा बाजारही मोठा. घाई करू नका.

---

हेमलॉक:

तिघांचेही मनापासून आभार. काल पुन्हा दुकानात गेलो, टॉर्च आणि भिंग घेऊन. मार्लिनच्या नळीचं तोंड सगळीकडे सारखं आहे. घोडा ढकलून पाहिला, घट्ट. अर्ध्या चढणीवरही हलला नाही. कॅरियरच्या बुडाला चकाकती रेघ आहे, नखाला काही लागत नाही. स्क्रूची डोकी स्वच्छ. दस्त्यावर ओरखडे बरेच आहेत, आणि पुढच्या लाकडाच्या टोकाशी एक केसासारखी भेग आहे, अर्ध्या इंचाची. रिसीव्हरवर स्कोपचा जुना बेस आहे, स्कोप नाही. दुकानदार ५८० ला तयार आहे. ती भेग वाढेल का? आणि स्कोप कोणता?

---

अक्रोडदस्ता:

घ्या. भेग पुढच्या लाकडात आहे, तिथे दस्त्याइतका धक्का बसत नाही. गनस्मिथला दाखवा, पातळ इपॉक्सी आत ओढून घेतली आणि दाबून ठेवलं की थांबते. तोवर त्या टोकाचा स्क्रू आवळून घट्ट करू नका, त्यानेच भेग पुढे जाते. त्याच फेरीत हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) गेजने मोजून घ्या, पहिला बार काढायच्या आधी.

स्कोप लहान आणि खाली बसणारा घ्या. स्थिर अडीच पटीचा, किंवा एक ते चार पटीचा. नऊ पटीचा मोठा स्कोप या रायफलीवर चढवला तर तिचा सगळा सुटसुटीतपणा जातो, आणि वीस यार्डांवर झुडपातून उठलेलं हरीण त्यात नुसता तपकिरी ठिपका दिसतं. जुन्या बेसचे स्क्रू काढून तेल पुसून पुन्हा बसवा, किती वर्षांपूर्वीचे आहेत कुणास ठाऊक. आणि घोड्यासाठी बाजूला वळलेला छोटा जोड मिळतो, तो त्याच दिवशी घ्या. स्कोप वर आला की अंगठ्याला घोडा नीट सापडत नाही, आणि थंडीत बधिर अंगठ्याखालून घोडा निसटणं हा या रायफलीतला खरा धोका आहे. चेंबर भरलेलं असताना घोडा खाली आणायचा सराव आधी डमी काडतुसांवर करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. हात आपोआप वळेपर्यंत करा.

काडतुसं १५० आणि १७० ग्रेनची, दोन-तीन कंपन्यांची एकेक पेटी आणा. जुन्या रायफलीला एखादीच पसंत पडते, ती कोणती हे कागदावरच्या भोकांवरून कळतं. मग त्याच्याच चार पेट्या घेऊन ठेवा. शंभर यार्डांवर स्कोप शून्य करा, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागेल असा बसवा. तसं केलं की दोनशे यार्डांवर गोळी सुमारे आठ इंच खाली जाते, म्हणून दीडशेच्या पुढे बार काढायचा नाही हे स्वतःशी ठरवून टाका. टेबलावर टेकून नेम बसला की टेबल सोडा. गुडघ्यावर, झाडाला टेकून, उभ्याने, जाड जाकीट घालून सराव करा, कारण जंगलात टेबल नसतं. आणि बार झाला की डोळा स्कोपवरून न काढता, खांद्यावरून न उतरवता लिव्हर पूर्ण खाली, पूर्ण वर. अर्धवट ओढलेली लिव्हर हेच निम्म्या अडकलेल्या काडतुसांचं कारण असतं.

---

पानगळ:

नारिंगी कपडे विसरू नका, रायफल सीझनला डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी लागतो. आणि गाडीत बसायच्या आधी रायफल पूर्ण रिकामी. नळकांडंसुद्धा.

---

हेमलॉक:

ताई, नारिंगी जाकीट आणि टोपी आधीच घेतली आहे. दादा, फॉर्म भरला, पिक्सचा होकार आला, रायफल घरच्या तिजोरीत आहे. गनस्मिथची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली. रेंजवरचे कागद इथे टाकतो, कोणती पेटी पसंत पडली ते बघून सांगा.